दाह कमी पडला तरी मरण, जास्त झाला तरी मरण: झेब्राफिशवरचे दोन पेपर

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी वहीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता केला होता. दोन रकाने. डावीकडे वर जाणारा बाण, उजवीकडे खाली जाणारा. माशांच्या प्रतिकार-पेशींवर परिणाम करणारा एखादा रेणू वाचनात आला की तो यातल्या एका रकान्यात टाकायचा. ल्यूकोट्राइन बी४: वर. प्रोस्टाग्लँडिन ई२: खाली. लिपॉक्सिन ए४: खाली. कॉर्टिसॉल: खालीच. तक्ता भरत गेला तसं मला वाटायला लागलं की विषय आपल्याला कळतोय.

मग गाइडनी दोन पेपर वाचायला दिले. दोन्ही 'सेल' या जर्नलमधले, एक २०१० चा, दुसरा २०१२ चा. दोन्हींमध्ये पहिलं नाव डेव्हिड टोबिन यांचं, आणि गट ललिता रामकृष्णन यांचा, तेव्हा सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधला. रामकृष्णन मूळच्या बडोद्याच्या, शिकल्या डॉक्टरकी, आणि टीबी समजून घेण्यासाठी वळल्या माशांकडे. हे दोन पेपर ओळीने वाचल्यावर माझा तक्ता निकालात निघाला.

आज या दोन पेपरांची नीट उलटतपासणी करू. आधीच सांगते, माझ्या मते हे आमच्या विषयातल्या उत्तम कामांपैकी आहे. तरी माझ्या दोन तक्रारी आहेत. एक ते पेपर उद्धृत करणाऱ्या आम्हा लोकांबद्दल, दुसरी त्या कामातून माणसापर्यंत घेतलेल्या उडीबद्दल. तक्रारी कळायला आधी काम कळलं पाहिजे, म्हणून थोडी पार्श्वभूमी.

हार्मोनसारखे, पण हार्मोन नव्हेत

हार्मोन म्हटलं की आपल्याला ग्रंथी आठवते. थायरॉइड, ॲड्रिनल वगैरे. ग्रंथीत रेणू तयार होतो, रक्तात उतरतो, लांबच्या अवयवापर्यंत निरोप पोचवतो. आजचे रेणू निरोपच पोचवतात, पण त्यांना ग्रंथी नाही. शरीरातली जवळपास कुठलीही पेशी ते बनवू शकते. साठवून ठेवत नाही, गरज पडली की तिथल्या तिथे बनवते. ते शेजारच्या पेशीपर्यंत पोचतात आणि थोड्याच वेळात मोडून जातात. टपालापेक्षा भिंतीवरून शेजारणीला मारलेल्या हाकेसारखं.

यांचा कच्चा माल म्हणजे पेशीच्या पडद्यातलीच चरबी, प्रामुख्याने ॲराकिडॉनिक आम्ल नावाचं वीस कार्बनांचं स्निग्धाम्ल. वीस कार्बनांमुळे या सगळ्या कुटुंबाला आयकोसॅनॉइड म्हणतात. ग्रीकमध्ये आयकोसी म्हणजे वीस. प्रोस्टाग्लँडिन हे नाव १९३० च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी दिलं. वीर्यात सापडलेला हा पदार्थ प्रोस्टेट ग्रंथीतून येतो असं त्यांना वाटलं होतं. तो समज चुकीचा निघाला, नाव मात्र चिकटलं. पुढे १९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिन काम करते ती प्रोस्टाग्लँडिनचं उत्पादन थांबवून. १९८२ चं वैद्यकाचं नोबेल बर्गस्ट्रोम, सॅम्युएलसन आणि वेन यांना याच कुटुंबावरच्या कामासाठी मिळालं. म्हणजे डोकं दुखलं म्हणून तुम्ही ॲस्पिरिन घेता, तेव्हा याच हाका बंद करत असता.

माशांमध्येही हे सगळं आहे. १९८९ मध्ये रेनबो ट्राउटच्या मॅक्रोफेजवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींवर, एक छान काम झालं. त्यात दिसलं की लायपॉक्सिजनेज नावाच्या एन्झाइमांच्या वाटेने या पेशी जे काही बनवतात, त्यात लिपॉक्सिन हा मोठा हिस्सा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मासा का, आणि कुठला जंतू

झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातला मासा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या ओहोळांत, भातखाचरांत सापडणारा. त्याची अळी पारदर्शक असते. दोनेक दिवसांच्या अळीत चमकणारे जीवाणू टोचले, तर जिवंत अळीतच मॅक्रोफेज त्यांना गिळताना सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात. आणखी एक फायदा असा की या वयात अळीची टी आणि बी पेशींची फळी तयार झालेली नसते, ती यायला काही आठवडे लागतात. त्यामुळे जे दिसतं ते उपजत प्रतिकाराचं काम. हा फायदाही आहे आणि मर्यादाही. त्यावर नंतर येऊ.

जंतू म्हणजे मायकोबॅक्टेरियम मॅरिनम, टीबीच्या जंतूचा जवळचा नातलग. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो पहिल्यांदा सापडला. माशांना त्याने टीबीसारखाच आजार होतो, गाठी होतात. माणसालाही तो होतो, पण सहसा हातावरच्या कातडीपुरता. माशांच्या टाक्या साफ करणाऱ्यांना ही जखम माहीत असते.

पहिला पेपर: सांधा अडकला

२०१० च्या कामाची पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात आधी ठरवलेलं उत्तर नव्हतं. माशांच्या जीनमध्ये ठिकठिकाणी बदल घडवून आणायचे, मग कुठल्या माशांच्या पिल्लांना संसर्ग जास्त बाधतो ते बघायचं, आणि मग मागे जाऊन जीन शोधायचा. शोध घेत गेल्यावर एक जीन हाती लागला: एलटीए४एच.

या जीनचं एन्झाइम एका सांध्यावर बसलेलं असतं. रेल्वेचा सांधा डोळ्यासमोर आणा. ॲराकिडॉनिक आम्लापासून ल्यूकोट्राइन ए४ नावाचा मधला रेणू तयार होतो. तिथून दोन वाटा फुटतात. एलटीए४एच काम करत असेल तर गाडी ल्यूकोट्राइन बी४ कडे जाते. हा दाह वाढवणारा, पांढऱ्या पेशींना बोलावून आणणारा रेणू. दुसऱ्या वाटेने गेली तर लिपॉक्सिन बनतात, जे दाह शमवतात.

आता जीन बिघडलेला मासा संसर्गाला का बळी पडतो? माझ्या तक्त्याचं उत्तर सोपं होतं: वर जाणारा बाण गेला, बी४ कमी पडलं, प्रतिकार कमी झाला. पेपर म्हणतो, नाही. बी४ ची उणीव हे कारणच नव्हतं. सांधा अडकला म्हणून गाड्या थांबल्या नाहीत, त्या सगळ्या दुसऱ्या रुळावर गेल्या. लिपॉक्सिन साचलं. त्याने टीएनएफ नावाच्या महत्त्वाच्या दाहक प्रथिनाचं उत्पादन रोखलं, आणि मॅक्रोफेजच्या पोटात जीवाणू वाढत सुटले. शेवटी मॅक्रोफेज फुटली आणि जीवाणू बाहेर पडून दोरखंडासारख्या रांगांत वाढायला लागले.

इथे क्षणभर थांबा. जीन बंद केला आणि परिणाम दिसला, म्हणून त्या जीनचा शेवटचा पदार्थ महत्त्वाचा, हा तर्क आपण किती सहज करतो. इथे तो तर्क चुकला असता. परिणाम गेलेल्या रेणूचा नव्हता, साचलेल्या रेणूचा होता.

याच पेपरमध्ये माणसांची माहितीही होती. या जीनच्या ठरावीक रूपांची एकेक प्रत असलेले, म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून दुसरं रूप आलेले लोक, टीबी आणि बहुजीवाणूजन्य कुष्ठरोग या दोन्हींपासून तुलनेने सुरक्षित दिसले. हा निष्कर्ष विचित्र आहे. जास्त बी४ चांगलं असतं तर दोन्ही प्रती 'जास्त'च्या असलेले लोक सगळ्यांत सुरक्षित असायला हवे होते. कमी चांगलं असतं तर दुसऱ्या टोकाचे. सुरक्षित दिसले ते मधले. म्हणजे पुढच्या पेपरचं बीज इथेच होतं.

दुसरा पेपर: दोन वाटा, एकच मरण

२०१२ मध्ये त्यांनी उलट बाजू तपासली. जीन बंद करण्याऐवजी त्याचा आरएनए अळीत टोचून एन्झाइम वाढवलं. गाड्या आता बी४ च्या रुळावर जास्त. टीएनएफ वाढलं. तक्त्याप्रमाणे हा मासा सगळ्यांत दणकट असायला हवा.

सुरुवातीला तसंच झालं. मॅक्रोफेज जीवाणू जास्त चांगले मारत होत्या. मग त्याच मॅक्रोफेज मरायला लागल्या. फुटल्या, जीवाणू बाहेर पडले, दोरखंडासारख्या रांगांत वाढले. अगदी पहिल्या पेपरमधल्या माशासारखे.

माझ्यासाठी या दोन पेपरांतली सगळ्यांत मोलाची गोष्ट ही. दोन माशांचे शेवटच्या दिवसाचे फोटो शेजारी ठेवले तर कुठला दाह कमी पडून हरला आणि कुठला दाह जास्त होऊन, हे सांगणं कठीण. कारण उलटं, चित्र एकच. फरक कळतो तो मधल्या दिवसांत बघितलं तरच. एका माशात मॅक्रोफेज आधी भरली आणि मग फुटली, दुसऱ्यात आधी जिंकली आणि मग जळली.

आणि म्हणून औषधही उलटं. दाह जास्त असलेल्या माशांना डेक्सामेथासोन किंवा ॲस्पिरिनसारख्या दाह कमी करणाऱ्या औषधांनी फायदा झाला. कमी असलेल्यांना तेच औषध उपयोगाचं नाही, उलट नुकसानीचं. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, याच गटातल्या रोका आणि रामकृष्णन यांनी जादा टीएनएफ मॅक्रोफेजला कसं मारतं हेही दाखवलं. पेशीच्या मायटोकाँड्रियामध्ये घातक ऑक्सिजन-रेणू बेसुमार तयार होतात. ते आधी जीवाणू मारायला मदत करतात, मग पेशीलाच.

समीक्षक म्हणून मी इथे पूर्ण गुण देते. एका गटाने स्वतःच्याच पहिल्या निष्कर्षाची दुसरी बाजू जाऊन शोधली. 'लिपॉक्सिन वाईट' असा मथळा २०१० मध्ये त्यांना फुकटात मिळाला असता. त्यांनी तो घेतला नाही.

तक्रार पहिली: आम्ही अर्धंच उचलतो

आता आमच्या घरातली गोष्ट. माशांच्या प्रतिकारशक्तीवरच्या पेपरांच्या प्रस्तावनेत हे काम वरचेवर येतं, पण बहुधा एका वाक्यात: आयकोसॅनॉइड माशांमध्ये दाहाचं नियमन करतात. पुढे पेपर आपल्या वाटेने जातो. एक रेणू, एक डोस, एक वेळ, आणि शेवटी एक बाण.

दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी माझंच सांगते. रोहूच्या हेड किडनीतून मी पेशी काढल्या. माशांना अस्थिमज्जा आपल्यासारखी नसते. रक्तपेशी बनवण्याचं काम डोक्याजवळच्या मूत्रपिंडाचा तो पुढचा भाग करतो. त्या पेशींना प्रोस्टाग्लँडिन ई२ दिलं आणि चोवीस तासांनी मोजलं की जंतू मारण्यासाठी त्या किती ऑक्सिजन-रेणू सोडतात. आकडा खाली आला. खाली जाणारा बाण, पोस्टर तयार.

पोस्टरसमोर एका बाईंनी तीन प्रश्न विचारले. दोन तासांनी काय होतं? हाच डोस का? आणि पेशी दबल्या होत्या की मेल्या होत्या? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. डोस मी एका जुन्या पेपरमधून उचलला होता, त्यांनी त्याहून जुन्या पेपरमधून. तिसऱ्या प्रश्नाला मी जे काही बोलले ते आठवलं की अजून कान गरम होतात. पेशी जिवंत आहेत का, हे मी प्रयोगाच्या सुरुवातीला तपासलं होतं, शेवटी नाही. मेलेल्या पेशीही ऑक्सिजन-रेणू सोडत नाहीत. माझ्या बाणाचा अर्थ 'शांत झाल्या' असा होता की 'संपल्या' असा, हे माझा प्रयोग सांगूच शकत नव्हता. टोबिन आणि मंडळींच्या दोन माशांतला फरक नेमका इथेच होता.

प्रोस्टाग्लँडिन ई२ चंच उदाहरण पुढे नेऊ. स्पेनमधल्या मुर्सियाच्या गटाने गिल्टहेड सीब्रीम या समुद्री माशावर जे काम केलं, त्यात त्यांनी पेशींचे प्रकार वेगळे करून बघितले. ई२ मुळे मॅक्रोफेज एका वेगळ्या, दुरुस्तीकडे झुकलेल्या अवस्थेत गेल्या, ज्याला एम२ म्हणतात. ग्रॅन्युलोसाइट मात्र थंडावल्या. रेणू एक, मासा एक, दोन पेशींना दोन निरोप. माझ्या रोहूच्या नळीत या दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या होत्या. मी जे मोजलं ते दोघींची सरासरी. कुठल्याही पेशीचं खरं वर्तन त्यात नव्हतं.

आणखी एक गोष्ट आम्ही विसरतो. या रेणूंचा कच्चा माल पेशीच्या पडद्यात असतो, आणि पडदा माशाने काय खाल्लं यावर ठरतो. नॉर्वेतल्या सामन माशांचं खाद्य बघा. १९९० मध्ये त्यातला जवळजवळ नव्वद टक्के भाग समुद्रातून आलेला होता, म्हणजे फिशमील आणि मासळीचं तेल. २०१३ पर्यंत तो तीस टक्क्यांच्या आसपास आला. बाकी सोया, रेपसीड वगैरे वनस्पती. मासळीच्या तेलात ईपीए हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल भरपूर असतं. त्यापासूनही याच कुटुंबातले रेणू बनतात, पण त्यांचा जोर सहसा कमी असतो. म्हणजे तेल बदललं की पडदा बदलतो, पडदा बदलला की हाकेचा आवाज बदलतो. मग १९९० च्या आसपासच्या माशांवरचा बाण आणि आजच्या माशांवरचा बाण एका तक्त्यात कसे बसतील? तरी आमच्या किती पेपरांत 'व्यापारी खाद्य दिलं' यापलीकडे खाद्याबद्दल ओळ नसते.

ही नुसती पंडितांची कुरकुर नाही. मत्स्यशेतीत प्रतिकार वाढवणारी म्हणून खाद्यातली पुरकं विकली जातात, आणि त्यांच्या जाहिरातीमागे आमच्यासारख्यांचे एका वेळेचे, एका डोसचे बाण असतात. तळ्यातले मासे आधीच दाहाच्या वरच्या टोकाला असतील, तर अजून 'वाढवून' काय साधणार?

तक्रार दुसरी: तळ्यातून थेट वॉर्डात

दुसरी तक्रार त्या पेपरांकडेच वळते, पण जरा जपून.

२०१२ च्या पेपरमध्ये माणसांचा भाग आणखी पुढे गेला. त्यांना माणसाच्या एलटीए४एच जीनच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागात एका अक्षराचा फरक सापडला: काहींत सी, काहींत टी. दोन्ही प्रती टी असतील तर जीन जास्त चालतो, दोन्ही सी असतील तर कमी. म्हणजे माशांतली दोन टोकं माणसांत निसर्गतःच आहेत.

मग ते व्हिएतनाममधल्या क्षयजन्य मेंदूज्वराच्या रुग्णांकडे वळले. हा टीबीचा सगळ्यांत भीषण प्रकार, मेंदूच्या आवरणाचा. तिथे २००४ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती, ५४५ रुग्णांची. टीबीच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन दिलेल्यांत ३१.८ टक्के दगावले, न दिलेल्यांत ४१.३ टक्के. स्टिरॉइडने जीव वाचतात, पण सगळ्यांचे नाहीत. का? टोबिन आणि सहकाऱ्यांचं उत्तर असं की फायदा मुख्यतः टीटी रुग्णांना होतो, ज्यांचा दाह मुळात जास्त आहे. सीसी रुग्णांना त्याचा उपयोग दिसला नाही.

वाचताना अंगावर काटा येतो, कबूल आहे. माशाच्या अळीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंत एकच धागा. पण नेमकं अशाच वेळी हात आखडता घ्यायचा असतो. माझ्या शंका अशा:

एक, माणसांचा भाग मागे वळून बघितलेला होता. म्हणजे रुग्णांना जीननुसार आधी गटांत वाटून मग औषध दिलेलं नव्हतं. आणि असे रुग्ण तीन जीनगटांत, पुन्हा औषध मिळालेले व न मिळालेले असे विभागले की एकेका खान्यात माणसं थोडी उरतात. थोड्या माणसांवरचा मोठा फरक पुढे आकसतो, हा वैद्यकातला जुना अनुभव.

दोन, मासा आणि माणूस यांचा सांधा सारखा असला तरी रुळांवरची वर्दळ सारखी असेलच असं नाही. १९८९ च्या ट्राउटची आठवण ठेवा म्हटलं होतं, ती इथे. ट्राउटच्या मॅक्रोफेज लिपॉक्सिन सढळ हाताने बनवतात. माणसाच्या शरीरात मात्र लिपॉक्सिन इतक्या कमी प्रमाणात सापडतात की ते नेहमीच्या परिस्थितीत परिणाम करण्याइतके असतात का, यावरच तज्ज्ञांमध्ये वाद आहे. मग माशांतलं 'लिपॉक्सिन साचलं' हे स्पष्टीकरण सीसी रुग्णांना जसंच्या तसं लावता येईल का? रुग्णांत दाह कमी असेलही, पण त्याची वाट वेगळी असू शकते.

तीन, अळीकडे टी पेशी नाहीत आणि तिचं आयुष्य प्रयोगापुरतं काही दिवसांचं. मेंदूज्वराचा रुग्ण दवाखान्यात पोचतो तेव्हा त्याच्या टी पेशी कामाला लागून कितीतरी दिवस उलटलेले असतात.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २०१७ मध्ये व्हिएतनाममधल्या ७६४ रुग्णांचा अभ्यास आला. एचआयव्ही नसलेल्या रुग्णांत टीटी असलेले जास्त जगले. एचआयव्ही असलेल्यांत हा फायदा दिसला नाही. त्याच वर्षी इंडोनेशियातून अभ्यास आला, त्यात जीनरूप आणि जगणं यांचा ठळक संबंध सापडला नाही. २०२१ मध्ये दोन्ही देशांची माहिती बेझियन पद्धतीने पुन्हा तपासली गेली. तिचा कौल असा की टीटीचा फायदा असण्याची शक्यता जास्त, विशेषतः उपचारांच्या पहिल्या आठवड्यांत, पण आजार किती बळावलेला आहे यावर चित्र बदलतं. म्हणजे कल्पना मेली नाही, मोडलीही नाही. पण 'एक अक्षर तपासा आणि स्टिरॉइड ठरवा' एवढी ती सुटसुटीत राहिली नाही.

माझं मत विचाराल तर, माशांतला निष्कर्ष भक्कम आहे: दाहाला दोन टोकं आहेत आणि दोन्हीकडे मरण आहे. त्यावर उभा केलेला माणसांचा निष्कर्ष शक्यतेचा आहे. पेपरच्या सारांशातही शब्द बेतानेच वापरलेले आहेत, 'सुचवतात' असे. तो बेत वाटेत गळून पडतो, बातमीत, व्याख्यानात, आमच्या प्रस्तावनांत.

याने फरक काय पडतो

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. त्यामुळे स्टिरॉइड कुणाला द्यायचं हा प्रश्न आपल्याला परका नाही.

आणि डेक्सामेथासोन हे नाव आता आपल्या घराघरांत माहीत आहे. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला. कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत या औषधाने मृत्यू ठळकपणे कमी झाले, ऑक्सिजनवर असलेल्यांत थोडे कमी झाले, आणि ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा झाला नाही. त्या निकालातच दोन टोकं होती. पण आपल्याकडे पोचताना 'कोविडला स्टिरॉइड चालतं' एवढंच वाक्य उरलं. २०२१ च्या लाटेत ते अनेकांनी घरच्या घरी, सुरुवातीच्याच दिवसांत घेतलं. त्यानंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण किती आले, ते आठवत असेलच. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर ही त्यामागची मोठी कारणं मानली जातात. एकीकडे स्टिरॉइड, दुसऱ्या हातात 'इम्युनिटी बूस्टर'चा काढा. एक दाबणारा, एक वाढवणारा, आणि आपण मुळात कुठल्या टोकाला उभे आहोत हे विचारणारं कुणी नाही.

म्हणून एवढीच विनंती. पुढच्या वेळी माशाबद्दल किंवा माणसाबद्दल 'अमुक रेणू प्रतिकारशक्ती वाढवतो' असं वाचलंत की लेखकाला मनातल्या मनात चार प्रश्न विचारा. कुठल्या पेशीत? सुरुवात कुठून, म्हणजे आधी दाह किती होता? कधी मोजलं? आणि मोजलं तेव्हा पेशी जिवंत होत्या का? चौथा प्रश्न मी त्या पोस्टरवाल्या बाईंकडून घेतलाय.

रोहूचा प्रयोग मी पुन्हा करतेय. या वेळी चार डोस, पाच वेळा, पेशींचे प्रकार वेगळे करून, आणि प्रत्येक वेळी जिवंत-मेल्याची मोजणी. तक्त्याचं ते पान फाडलं नाही. बाण खोडून प्रत्येक रेणूसमोर 'कधी?' आणि 'कुणात?' असे दोन रकाने आखलेत. सध्या दोन्ही बरेचसे रिकामे आहेत. भरले की इथे कळवीन.